अडीच गुंठे, दीडशे झाडे आणि पाच फुले

अडीच गुंठे जमीन म्हणजे किती, हे तुम्हांला सांगायला नको. घरामागचे परस, गोठा आणि कडब्याची गंजी एवढ्यातच ती संपते. इंग्लंडातल्या शहरांत आणि खेड्यांत नेमक्या एवढ्याच तुकड्यावर वर्षभर राबणारी माणसे आहेत. त्यांतले काही जण त्यात काय पिकवतात, तर डेलियाची फुले. तीही बाजारात न्यायला नव्हे. सप्टेंबरातल्या एखाद्या शनिवारी, प्रदर्शनाच्या तंबूत, एका फुलपात्रात पाच फुले अगदी एकसारखी उभी करता यावीत, एवढ्यासाठी.

ऐकून हसू येईल. पण त्यांचे काम नीट पाहिले तर द्राक्ष, हळद किंवा आले करणाऱ्या घराला ते ओळखीचे वाटेल. बेणे राखणे, फुटवे मोजून ठेवणे आणि दिवस मोजणे, या तीन गोष्टींत सारे आले.

आधी त्या तुकड्याविषयी सांगतो. त्याला तिकडे ‘अलॉटमेंट’ म्हणतात. गावाची सामाईक कुरणे जमीनदारांनी कुंपणे घालून घशात घातली, मजुराला गाय चारायलाही जागा उरली नाही, तेव्हा गरिबांना भाजीपाल्यापुरती जमीन थोड्या खंडाने देण्याची चाल तिथे पडली. १९०८ च्या कायद्याने, मागणी असेल तिथे असे तुकडे देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्यच ठरले. माप अजून जुनेच चालते : दहा ‘रॉड’. आता गंमत पाहा. एका एकरात एकशेसाठ रॉड बसतात आणि आपले चाळीस गुंठे. म्हणजे चार रॉडांचा बरोबर एक गुंठा आणि दहा रॉडांचे बरोबर अडीच गुंठे. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारे धान्य अडले, तेव्हा असे तुकडे चौदा लाखांच्या घरात गेले होते. आज त्यांतले फार थोडे उरले आहेत, आणि पुष्कळ शहरांत तुकडा मिळण्यासाठी वर्षानुवर्षे यादीत नाव लावून थांबावे लागते.

या जमिनीला एक अट आहे. १९२२ च्या कायद्यातली व्याख्या सांगते की, हा तुकडा पूर्णतः किंवा मुख्यतः भाजीपाला व फळे यांसाठी हवा, आणि तीही कसणाऱ्याच्या कुटुंबाच्या खाण्यासाठी. म्हणजे नुसती फुलेच फुले लावून चालत नाही. मग डेलियावाला अर्ध्या तुकड्यात बटाटे, कांदे, कोबी, वाटाणा लावून घरच्यांना आणि कायद्याला खूश ठेवतो, आणि उरलेल्या अर्ध्यात आपला जीव ओततो. अर्धा तुकडा म्हणजे सुमारे तेराशे साठ चौरस फूट. एका झाडाला वाटेसकट नऊ चौरस फूट धरले तर दीडशे झाडे होतात. या दीडशेतून, ठरलेल्या एका दिवशी, एका जातीची पाच फुले एका मापाची, एका वयाची आणि एका रंगाची मिळवायची असतात.

डेलिया मूळचा इंग्लंडचा नव्हे. तो मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. तिथून १७८९ साली स्पेनमधल्या माद्रिदच्या बागेत पोचला, आणि १७९१ साली कावानिलेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्वीडनच्या आंद्रेस दाल याच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. मेक्सिकोत त्याचे कंद खाल्ले जात. युरोपात लोकांनी तेही खाऊन पाहिले, पण बटाट्याची जागा काही त्याला घेता आली नाही. त्याच्या कंदात पिठूळ स्टार्च नसतो, इन्युलिन नावाचा वेगळाच पदार्थ असतो. पोटाने नाकारलेले हे झाड मग डोळ्यांनी उचलून धरले. आधी श्रीमंतांच्या बागा आणि मग कष्टकऱ्यांचे वाफे, अशी त्याची वाट. इंग्लंडची राष्ट्रीय डेलिया संस्था १८८१ साली निघाली. उत्तरेकडच्या कोळसा खाणींच्या वस्त्यांत तर लीक, शेवंती आणि डेलिया यांच्या चढाओढींचे वेडच होते. (लीक म्हणजे कांद्याचा एक भाऊबंद, जाड पांढऱ्या दांड्याचा.) दिवसभर जमिनीखाली काळोखात राहणाऱ्या माणसाला वर आल्यावर ताटाएवढे पिवळेधमक फूल पाहावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय?

बेण्याची गोष्ट

आंब्याची कोय लावली तर रायवळच निघतो, हापूसची खात्री देता येत नाही. डेलियाचे तसेच आहे, किंबहुना त्याहून अवघड. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे एकाच फुलाच्या बियांतून निघालेली रोपे एकमेकांशी जुळत नाहीत. मनासारखे फूल एकदा निघाले की ते टिकवायला कंद आणि छाट कलमे हाच मार्ग. ‘किड्स क्लायमॅक्स’ नावाची गुलाबी-पिवळी, अजस्र फुलाची एक जात १९४० च्या सुमाराची. आज जगात जिथे जिथे ती उभी आहे, तिथे तिथे ते झाड त्या पहिल्या एकाच झाडाचा तुकडा आहे. मधल्या काळात कुणी ना कुणी दर हिवाळ्याला तिचे कंद कुजण्यापासून वाचवले, म्हणून ती आहे. एखादी जात एकाच माणसाकडे उरली आणि त्याच्या छपरीत त्या वर्षी कंद सडले, की ती जात संपली. पुन्हा बी पेरून ती मिळत नाही. म्हणूनच तिकडचे जाणते लोक स्पर्धेत एकमेकांचे कट्टर वैरी असले, तरी वसंतात एकमेकांना कलमे वाटतात. आपल्या माघारी जात जगावी असे वाटत असेल, तर ती दुसऱ्याच्या वाफ्यात असलेली बरी.

त्यांचे वर्ष सुरू होते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दव गोठून पाने एका रात्रीत काळी पडतात तेव्हा. दांडा जमिनीपासून वीतभर ठेवून कापतात, खालचा कंदांचा घोस अलगद उकरतात आणि काही दिवस उलटा टांगतात किंवा पालथा ठेवतात. कारण दांडा पोकळ असतो. त्यात पाणी राहिले की कूज तिथूनच धरते. मग माती झाडून, वाळवून, कोरड्या भुशात, गोठणार नाही अशा जागी ठेवणी. जाणता माणूस महिन्यातून एकदा प्रत्येक पेटी उघडून बोटाने चाचपतो. मऊ लागलेला भाग कापायचा, जखमेवर गंधक लावायचे आणि पेटी पुन्हा बंद करायची.

एक गोष्ट नवख्यांना ठकवते. बटाट्याच्या अंगावर डोळे असतात, म्हणून फोड केली तरी उगवते. डेलियाच्या कंदाच्या अंगावर डोळा नसतो. तो असतो वर, जुन्या दांड्याच्या बुडाशी. तो गळ्याचा भाग सोबत नसेल, तर केवढाही पुष्ट कंद लावा, कोंब येणार नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत हे घोस ओलसर खतमातीच्या ट्रेमध्ये, उबेत मांडतात. बाहेर कडाक्याची थंडी, आत काचघरात दिवा. कोंब तीन इंचांचे झाले की धारदार, स्वच्छ चाकूने पेराखाली कापून घ्यायचे आणि वाळूमिश्रित मातीत टोचायचे. कोंब कापताना बुडाशी एक पेर राखले, तर तिथून पुन्हा दोन कोंब येतात. प्रदर्शनवाले कंद जमिनीत न लावता अशी कलमेच लावतात, कारण कलमाचे झाड तरणे आणि एकसारखे निघते.

आणि इथेच खरी निवड होते. मागच्या हंगामात ज्या झाडाने उत्तम फूल दिले, त्याच्याच दांड्याला खूण बांधलेली असते. कलमे त्याचीच. भेंडीवर केवडा पडला की झाड उपटावे लागते, हे तुम्ही जाणता. डेलियावरही मोझॅकचा विषाणू येतो. पानाच्या शिरांजवळ फिकट पट्टे पडतात, झाड खुजे राहते. मावा त्याचा प्रसार करतो, आणि झाडात शिरलेला विषाणू कंदात आणि कलमात तसाच पुढे जातो. औषध नाही. कितीही आवडती जात असो, झाड जाळावे लागते. ज्याला ते जिवावर येते, त्याची सगळी रांग दोन-तीन वर्षांत बिघडते. आपल्याकडे हळदीचे आणि आल्याचे बेणे निवडताना हीच चूक कितीदा होते, ते पाहा : चांगला माल आधी बाजारात, आणि उरलासुरला बेण्याला!

खुडायचे किती आणि ठेवायचे किती

मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी, थंडीची शेवटची भीती गेली की रोपे वाफ्यात जातात. शरदातच शेणखत घालून जमीन खणून ठेवलेली असते. प्रत्येक झाडाभोवती काठ्यांचा आधार, कारण दांडा रसाळ आणि ठिसूळ. एका वादळी रात्रीत सारा हंगाम आडवा होऊ शकतो.

रोप तीनेक आठवड्यांत रुजले की त्याचा शेंडा खुडतात. बगलेतून फुटवे येतात. ते किती ठेवायचे यावर पुढचे सारे अवलंबून. सर्वांत मोठ्या फुलांच्या जातीत झाडाला तीन-चार फुटवे, मध्यम फुलांना पाच-सहा, लहान फुलांना त्याहून जास्त. प्रत्येक फुटव्याच्या टोकाला मधली एक कळी आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक, अशा तीन कळ्या येतात. कडेच्या दोन काढून टाकायच्या, आणि त्यांच्या खालच्या दोन-तीन पेरांवरची बगलफूटही. सावध माणूस दोन्ही कळ्या एकदम काढत नाही. मधलीला किड्याने चावा घेतला असेल तर? म्हणून एक राखणीला ठेवतो आणि मधली ठणठणीत दिसली की दुसरीही खुडतो.

द्राक्षाच्या घडाची विरळणी करताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव कसा कळवळतो! डेलियाच्या वाफ्यातही जुलै-ऑगस्टमध्ये पायवाटेवर खुडलेल्या कळ्यांचा सडा पडलेला असतो. झाडाने धरलेल्या कळ्यांपैकी फारच थोड्या उमलू दिल्या जातात.

दिवसांचा हिशोब वेगळाच. कळी हरभऱ्याएवढी झाल्यापासून फूल पूर्ण उमलायला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. फूल जितके मोठे तितका काळ अधिक. म्हणून स्पर्धेच्या तारखेपासून उलटे मोजत यायचे. मोठ्या फुलांचे शेंडे आधी खुडायचे, लहानांचे नंतर. ऑगस्ट थंड गेला तर फूल आठवडाभर मागे पडते, उन्हाळा तापला तर प्रदर्शनाआधीच उमलून मागच्या पाकळ्या सुकतात. यावर कुणाचा इलाज नाही. म्हणून एकाच जातीची दहा-वीस झाडे थोड्या थोड्या अंतराने खुडून ठेवायची. कुठल्यातरी झाडाला तो शनिवार साधतो.

शेवटचे दोन आठवडे तर डोळ्यांत तेल घालून. इअरविग नावाचा, शेपटाला चिमटा असलेला किडा रात्री येऊन पाकळ्या कुरतडतो. त्यासाठी काठीच्या टोकावर लहान कुंडी पालथी घालून आत गवत कोंबतात. पहाटे किडा तिथे लपायला जातो आणि सकाळी मालक कुंडी झटकतो. साधा उपाय, पैसा लागत नाही. फिकट रंगाच्या फुलांवर पावसाचे डाग पडू नयेत म्हणून काठीला छोटी छत्री बांधतात. दुरून पाहिले तर वाफ्यात छत्र्यांची जत्राच भरलेली दिसते.

कडे

आता स्पर्धेतला सर्वांत कठोर भाग सांगतो. आपल्याला वाटेल, मोठे फूल जिंकते. तसे नाही. राष्ट्रीय संस्थेने फुलांचे आकारावरून गट पाडले आहेत. सर्वांत मोठ्या गटात फूल साधारण २५० मिलिमीटरच्या वर, म्हणजे दहा इंचांचे, आणि तिथे वरची मर्यादा नाही. पण खालच्या गटांना आहे. मध्यम फूल २२० च्या आत, लहान फूल १७० च्या आत, छोटे चेंडूफूल ११५ च्या आत, आणि पॉमपॉन नावाचे अगदी गोल, घट्ट फूल ५२ मिलिमीटरच्या आत. परीक्षकांजवळ या मापांची कडी असतात. शंका आली की कडे फुलावरून घालून पाहायचे. फूल त्यातून गेले नाही, तर ते कितीही देखणे असो, त्यावर पट्टी लागते : स्पर्धेच्या नियमपत्रकाप्रमाणे नाही. आणि पाच फुलांत एक जरी मापाबाहेर गेले, तरी पाचही बाद.

म्हणजे ज्याने जास्त खत घातले, जास्त कळ्या खुडल्या, त्याचे फूल फुगले आणि तोच हरला. ‘जोमांडा’ ही मातकट नारिंगी रंगाची चेंडूफुलाची जात अनेकांची लाडकी, पण हात सैल सोडला तर ती मापाबाहेर धावते. तिला आवरायचे कसे? फुटवे वाढवायचे, म्हणजे झाडाची ताकद वाटली जाते, आणि बगलकळ्या उशिरा काढायच्या. जे झाड मोठे करायचे त्याचे फुटवे कमी, जे आवरायचे त्याचे जास्त. एकाच वाफ्यात एकाच माणसाने दोन्ही करायचे. आपला द्राक्षबागाईतदार मण्याचे माप मिलिमीटरमध्ये धरतो, त्याला यातली ओढाताण सांगावी लागणार नाही.

माप जुळले तरी संपत नाही. फुलाचा मध्य बंद आणि मधोमध हवा, मागच्या पाकळ्या ताज्या हव्यात, मान सरळ हवी, पाचही फुलांची तोंडे एकाच कोनात वळलेली हवीत. आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे फुले कापून, गार अंधाऱ्या जागी खोल पाण्यात बुडवून ठेवतात. मग प्रत्येक दांडा काठीला बांधून, फुलाला फूल घासणार नाही अशा बेताने गाडीत भरायचे. तंबूत मध्यरात्रीपासून मांडामांड चालते. बक्षिसाची रक्कम म्हणाल तर बहुतेक ठिकाणी गाडीच्या तेलालाही पुरत नाही. पण फुलपात्रापुढे लागलेले पहिल्या क्रमांकाचे कार्ड घरी चौकटीत बसते.

गावच्या प्रदर्शनांत एकटा डेलिया नसतो. शेजारच्या टेबलावर कांदे, लांबच लांब गाजरे, घरचा मुरंबा, केक, आणि हो, चटणीचीही स्पर्धा असते. शब्द आपलाच, तिकडे जाऊन गोडसर झाला आणि बरणीत बसला. घरातला एक डेलिया मांडतो, दुसरी केक, आणि मुले आपापल्या गटात काहीबाही. संध्याकाळी सगळे मिळून डबे उचलतात.

आपल्या परसात

डेलिया आपल्याला परका नाही. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. आपल्या हवामानात त्याचा हंगाम उलटा आहे. इंग्लंडात थंडी त्याचा जीव घेते, आपल्याकडे पावसाळ्यातले साचलेले पाणी आणि उन्हाळ्याची धग. म्हणून आपली लागण पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि फुले डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत.

घरातल्या मुलींनी आणि सासूबाईंनी मिळून परसात चार झाडे लावून पाहावीत. निचऱ्याची जागा, सकाळचे ऊन, कुजलेले शेणखत. सुरुवातीला थोडे नत्र चालेल, कळ्या धरू लागल्या की ते बंद करून राख किंवा पालाश द्यावे, नाहीतर नुसता पाला माजेल. रोप हातभर होण्याआधीच शेंडा खुडावा. चारांपैकी एका झाडाला चारच फुटवे ठेवून कळ्या विरळ कराव्यात आणि एकाला मोकळे सोडावे. फरक घरातल्या लहानग्यालाही ओळखता येईल.

पण खरे काम फुले संपल्यावर आहे. ज्या झाडाने उत्तम फूल दिले, त्याच्या दांड्याला फूल उभे असतानाच रंगीत चिंधी बांधावी. पाने वाळली की ओळखायचे कसे? मार्चच्या सुमारास पाला पिवळा पडल्यावर पाणी तोडावे, दांडा वीतभर ठेवून कापावा, घोस न दुखावता उकरावा, सावलीत पालथा ठेवून सुकवावा. मग कोरड्या वाळूत, मडक्यात, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावा, आणि मडक्यावर जातीचे नाव खडूने लिहावे. वरून पाणी कधीही शिंपडू नये. पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून पंधरा दिवसांनी एकदा हात घालून चाचपावे आणि मऊ लागेल तो कंद त्याच दिवशी बाहेर काढावा.